अरबी कवितेतली प्रतिमा कशी वाचावी?

प्रश्न थोडक्यात असा: शाळेत उपमा, रूपक शिकलेला मराठी वाचक जुनी अरबी कविता भाषांतरातून वाचायला घेतो आणि दोन ठिकाणी अडतो. प्रत्येक कवितेत तीच उजाड वस्ती, तोच उंट, तीच ढगातली वीज. मग यात नवं ते काय? आणि मध्येच एखादी उपमा अंगावर येते. प्रेयसीची बोटं अळ्यांसारखी आहेत, असं कवी कौतुकानं म्हणतो. यात सौंदर्य शोधायचं कुठे?

अळ्यांपासूनच सुरुवात करू. ही ओळ सहाव्या शतकातल्या इम्रु अल्-कैसच्या मुअल्लकेतली आहे. मुअल्लका म्हणजे इस्लामपूर्व काळातल्या ज्या सात (काही संग्रहांत दहा) दीर्घ कविता श्रेष्ठ मानल्या गेल्या, त्यांपैकी एक. कवी म्हणतो की तिची बोटं मऊ आहेत, राठ नाहीत, जणू 'ज़ब्य' नावाच्या ठिकाणच्या वाळूतल्या अळ्या किंवा 'इस्हिल' झाडाच्या दातवणाच्या काड्या. 'लिसान अल्-अरब' या जुन्या कोशात या अळीचं वर्णन सापडतं: वाळूत राहणारी, अंगानं पांढरी, डोक्याकडे लाल. आता मेंदीनं टोक रंगवलेलं गोरं बोट डोळ्यांसमोर आणा. कवीनं अळीकडून तीनच गोष्टी घेतल्या आहेत: मऊपणा, निमुळता आकार आणि पांढऱ्यावर लाल टोक. वळवळ, ओल, किळस यांच्याशी त्याला कर्तव्य नाही. लगेच पुढे दातवणाची काडी येते, कारण अळीतून सरळपणा मिळत नाही. दोन उपमानं मिळून एक बोट पुरं होतं.

जुन्या अरबी प्रतिमेची किल्ली इथेच आहे. कवी उपमानातला एक नेमका गुण उचलतो आणि बाकीचे सोडून देतो. तो गुण सापडेपर्यंत प्रतिमा विचित्र किंवा शिळी वाटते. पुढचा कवी तेच उपमान घेतो, पण गुण किंचित सरकवतो, आणि नवेपणा त्या सरकवण्यात असतो. म्हणून एकेकट्या प्रतिमेचं कौतुक करत बसण्यापेक्षा प्रतिमांची घराणी ओळखायला शिकणं जास्त उपयोगाचं.

मराठी वाचकाजवळ यासाठी लागणारी हत्यारं आधीच आहेत. अरबी साहित्यशास्त्रात उपमेला 'तश्बीह' म्हणतात आणि तिचे चार भाग मानतात: मुशब्बह, मुशब्बह बिही, अदात आणि वज्हुश्-शबह. हे म्हणजे आपले उपमेय, उपमान, साम्यवाचक शब्द आणि साधारणधर्म. पाठ्यपुस्तकी उदाहरणही ओळखीचं वाटेल: शौर्यात ज़ैद सिंहासारखा आहे. यातला साधारणधर्म गाळला तर ती 'मुज्मल' तश्बीह, साम्यवाचक गाळला तर 'मुअक्कद', दोन्ही गाळून 'ज़ैद सिंह आहे' म्हटलं की 'बलीग़', म्हणजे आपलं रूपक. उपमेयच गिळून 'व्यासपीठावर एक सिंह भाषण करत होता' म्हटलं की ती 'इस्तिआरा'. आपल्याकडे त्याला रूपकातिशयोक्ती म्हणतात. 'कअन्न' हा शब्द दिसला की 'जणू' समजा; 'क' हे एकाक्षरी अव्यय नामाला चिकटून आलं की 'सारखा'. 'कअन्न'नं सबंध वाक्य सुरू होतं, त्यामुळे त्यामागे बहुधा लांब, जुळवून रचलेली प्रतिमा येते. 'क'मागे सहसा एकच वस्तू असते.

एका बाबतीत मात्र आपली वर्गवारी तंतोतंत बसत नाही. इस्तिआरेचा एक प्रकार 'मक्निय्या' म्हणजे झाकलेली. त्यात उपमान गाळतात आणि त्याचा एखादा अवयव किंवा सवय तेवढी ठेवतात. अबू ज़ुऐब अल्-हुज़लीनं आपल्या मुलांच्या मृत्यूवर लिहिलेल्या शोककवितेत म्हटलं आहे की मृत्यूनं एकदा नखं रुतवली की कुठल्याही ताईताचा उपयोग नाही. श्वापदाचं नाव नाही, फक्त नखं. आपण चटकन याला चेतनगुणोक्ती म्हणू, पण इथे मृत्यूला माणूसपण दिलेलं नाही, हिंस्र जनावरपण दिलं आहे. अशा ओळीत पहिला प्रश्न असा विचारायचा: हा अवयव कोणाचा?

आता ओळीच्या रचनेकडे वळू, कारण प्रतिमेचा आकार तिथे ठरतो. अरबी कसीद्याची, म्हणजे जुन्या दीर्घ कवितेची, ओळ, बैत, दोन अर्धांची असते आणि सबंध कवितेला एकच यमक असतं. 'तवील' या सर्वांत भारदस्त वृत्तात प्रत्येक अर्धात १४ अक्षरं, म्हणजे ओळीत २८. इम्रु अल्-कैसच्या मुअल्लकेत अशा सुमारे ८० ओळी आहेत आणि शेवटपर्यंत 'लि' हेच यमक. वाक्य एका ओळीतून दुसरीत लोंबकळलं तर जुने समीक्षक तो दोष मानत. त्यामुळे प्रतिमा २८ अक्षरांत उभी राहून संपावी लागते, आणि कवी तिला घट्ट दाबून बसवतो. घोड्याचं वर्णन बघा:

मिकर्रिन् मिफर्रिन् मुक्बिलिन् मुद्बिरिन् मअन्
क-जुल्मूदि सख्रिन् हत्तहुस्-सैलु मिन् अलि

चढाई करणारा, माघार घेणारा, समोर येणारा, पाठ फिरवणारा, सगळं एकदमच. लोंढ्यानं उंचावरून खाली लोटलेल्या धोंड्यासारखा. पहिल्या अर्धात चार विरोधी क्रिया आणि शेवटी 'मअन्', एकदमच. हे शक्य कसं? उत्तर दुसऱ्या अर्धात आहे. गडगडत येणाऱ्या धोंड्याची पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली हे सांगता येत नाही. सगळ्या बाजू एकामागोमाग इतक्या झपाट्यानं दिसतात की एकाच वेळी दिसल्याचा भास होतो. इथे साधारणधर्म नुसता वेग नाही, दिशा हरवणं हा आहे. भाषांतरात बहुतेकदा 'धोंड्यासारखा वेगवान' एवढंच उरतं आणि पहिला अर्ध पोकळ होतो. 'मिकर्रिन् मिफर्रिन्' मोठ्यानं म्हणून पाहा: 'र्र'चं द्वित्व टापांसारखं आदळतं आणि पुढच्या 'मुक्बिलिन् मुद्बिरिन्'मध्ये चाल बदलते.

याच कवितेत काही ओळींनंतर एकाच बैतात चार उपमा येतात: हरणाच्या कुशी, शहामृगाचे पाय, लांडग्याची धाव, कोल्ह्याच्या पिल्लाची दुडकी. चार प्राणी मिळून एक घोडा. ही किमया मोठी आहे, तरी माझ्या मते धोंड्याची ओळ तिच्या कितीतरी वर. चार उपमांमध्ये बेरीज आहे, धोंड्यात एकच दृश्य आहे.

नेमका हाच फरक अकराव्या शतकात अब्द अल्-काहिर अल्-जुर्जानीनं उलगडून दाखवला. 'अस्रार अल्-बलाग़ा' आणि 'दलाइल अल्-इअ्जाज़' या त्याच्या दोन ग्रंथांशिवाय अरबी प्रतिमेवर गंभीरपणे बोलता येत नाही. (त्याच शतकात काश्मीरमध्ये मम्मट 'काव्यप्रकाश' लिहीत होता. दोघांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नाही, पण प्रश्न किती सारखे आहेत हे पाहण्यासारखं आहे.) जुर्जानी दोन ओळी शेजारी ठेवतो. पहिली इम्रु अल्-कैसची: गरुडाच्या घरट्याजवळ पक्ष्यांची काळजं पडली आहेत, काही ताजी, काही वाळलेली, जणू 'उन्नाब' आणि जुनाट सुकट खजूर. उन्नाब म्हणजे लाल, रसरशीत बोरासारखं फळ. ताजं काळीज ते उन्नाब, वाळलेलं ते खजूर. दोन वस्तू, दोन उपमानं, क्रमवार जोडलेली. दुसरी ओळ आठव्या शतकातल्या बश्शार इब्न बुर्दची:

कअन्न मुसारन्-नक्इ फौक रुऊसिना
व अस्याफना लैलुन् तहावा कवाकिबुह्

आमच्या डोक्यांवर उधळलेली धूळ आणि आमच्या तलवारी: जणू एक रात्र, जिचे तारे कोसळताहेत. बश्शारबद्दल सांगतात की इम्रु अल्-कैसची उन्नाबाची ओळ ऐकल्यापासून दोन वस्तूंना दोन उपमानं देणारी ओळ आपल्याला कधी जमेल, या ध्यासानं तो झपाटला होता. जमली तेव्हा ती मूळ ओळीच्या पुढे गेली. उन्नाबाची ओळ सुटी करता येते. अर्धी उपमा काढून घेतली तरी उरलेली अर्धी टिकते. बश्शारच्या ओळीत तसं होत नाही. 'धूळ रात्रीसारखी' आणि 'तलवारी ताऱ्यांसारख्या' असे तुकडे केले की प्रतिमा मेली. तारे वेगळे उल्लेखलेलेच नाहीत. ते रात्रीच्या विशेषणात आहेत: 'जिचे तारे कोसळताहेत अशी रात्र'. आणि कोसळताना तारे वाकडेतिकडे, एकमेकांना छेदत, आडवेतिडवे जातात. युद्धात तलवारी तशाच चालतात. म्हणजे साधारणधर्म ना रंग, ना चमक. काळोखातल्या त्या चकचकीत गोंधळाचा सबंध आकार हाच साधारणधर्म. अशा जोड-प्रतिमेची जादू व्याकरणाच्या जोडणीत असते, हे जुर्जानीचं म्हणणं या एका ओळीत पटतं. बश्शार जन्मांध होता, हे समजल्यावर ओळ पुन्हा एकदा वाचावीशी वाटते.

आता 'तेच ते'च्या तक्रारीकडे. कसीद्याच्या आरंभी कवी उजाड वस्तीपाशी थांबतो, हे इतक्या कवितांत येतं की वाचक पानं उलटायला लागतो. आधी त्यामागचं वास्तव पाहू. पावसाळी चराईच्या दिवसांत वेगवेगळ्या टोळ्या एका कुरणाजवळ उतरत, ओळखी होत, प्रेम जमे. चारा संपला की प्रत्येक टोळी आपल्या दिशेनं जाई. पुढे कधीतरी त्याच वाटेनं जाताना कवीला काय सापडतं? चुलीचे तीन काळवंडलेले दगड, तंबूभोवती पाणी वळवायला खणलेला चर, राख, लेंड्या. मुअल्लकेच्या कवींपैकी एक, ज़ुहैर, २० वर्षांनी परत येतो आणि महत्प्रयासानं जागा ओळखतो. चर त्याला अजून न फुटलेल्या हौदाच्या तळासारखा दिसतो. इम्रु अल्-कैसच्या मुअल्लकेच्या काही पाठांत त्या अंगणात हरणांच्या लेंड्या मिरीच्या दाण्यांसारख्या विखुरल्या आहेत. मिरी मलबारहून समुद्रमार्गे अरबांकडे जाई. काळी, गोल, कोरडी, सुटी सुटी: साम्य अगदी नेमकं. आणि या लेंड्याच सांगतात की माणसं गेली, आता इथे हरणं निर्धास्त फिरतात. रडण्याचं कारण कवीनं लेंड्यांतून सांगितलं आहे.

या खुणांना तरफा या आणखी एका मुअल्लकेच्या कवीनं दिलेली उपमा प्रसिद्ध आहे: हाताच्या पाठीवर उरलेल्या गोंदणासारख्या त्या दिसतात. पुसट, निळसर, पण जायला तयार नाहीत. आपल्याकडे म्हाताऱ्या बायकांच्या हातावरचं फिकं पडलेलं गोंदण ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना टीप लागणार नाही. इथे गुण आहे फिकटपणा आणि चिवटपणा.

मग लबीद येतो, तोही मुअल्लकेचा कवी. तोही खुणांसमोर उभा आहे, तोही गोंदण आणतो, पण सगळी प्रतिमा उलटी फिरवतो. त्याच्या कवितेत पुराच्या लोंढ्यांनी वाळू वाहून नेली आहे आणि खाली गाडल्या गेलेल्या खुणा उघड्या पडल्या आहेत, जणू पुसट झालेल्या लिखाणावर लेखणीनं पुन्हा अक्षरं गिरवली. पुढच्या ओळीत गोंदणारीण परत येते आणि फिक्या पडलेल्या वर्तुळांत काजळी भरते. पूर सहसा पुसून टाकतो, इथे तो लिहितो. तरफाकडे गोंदण विरत जाणारं, लबीदकडे पुन्हा भरलं जाणारं. आणि म्हणूनच लबीदचं दुःख जास्त बोचतं, कारण त्याच्या खुणा ताज्या आहेत आणि प्रश्न विचारला तर दगड बोलत नाहीत. लबीद एकटा वाचला तर एक छान उपमा मिळते. तरफाच्या नंतर वाचला तर त्यानं नेमकं काय हलवलं ते दिसतं. अरबी श्रोत्याच्या कानात तरफा आधीच असे. दोन-अडीच शतकांनी बग़दादमधला अबू नुवास म्हणतो की तो करंटा खुणांपाशी थांबून विचारपूस करत बसला, मी मात्र गावातल्या मद्यविक्रेतीचा पत्ता विचारायला वळलो. या ओळीचा ठोसा लागायला आधीची सगळी परंपरा पाठीशी हवी.

प्रतिमा फसते कुठे, हेही जुन्या समीक्षकांनी बारकाईनं पाहिलं आहे, आणि त्यासाठी एक जोडी फार उपयोगी आहे. इम्रु अल्-कैस न सरणाऱ्या रात्रीबद्दल म्हणतो की ती समुद्राच्या लाटेसारखी आली आणि तिनं माझ्यावर आपले पडदे सोडले. मग: 'तिनं पाठ ताणली, मागोमाग पुठ्ठे आणले आणि जड छातीनं रेटा दिला, तेव्हा मी तिला म्हणालो...' उंटाचं नाव कुठेही नाही. फक्त पाठ, पुठ्ठा, छाती. दहाव्या शतकातला समीक्षक अल्-आमिदी या ओळीची बाजू घेतो आणि कारणही देतो: कवीला लांब रात्रीचे भाग सांगायचे आहेत. ताणलेला मध्य, मागून येत राहणारा शेवट, जागचा हलायला तयार नसलेला जडपणा. प्रत्येक अवयवाला काम आहे.

आता त्याच जातीची नवव्या शतकातल्या अबू तम्मामची ओळ: 'हे काळा, तुझ्या मानेच्या दोन्ही शिरा सरळ कर; तुझ्या आडमुठेपणानं लोक टेकीला आले आहेत.' इथेही झाकलेली इस्तिआरा, इथेही जनावर, पण आमिदीला ही ओळ खपत नाही. वाकडेपणा सोड, एवढंच म्हणायचं होतं. मग शिरा कशाला? काळाच्या मानेतल्या शिरेला काळातलं काय जुळतं, याचं उत्तर मिळत नाही. अवयव आला, पण बिनकामाचा. जुर्जानी याच ओळीकडे दुसऱ्या बाजूनं पाहतो. 'अख्दअ', मानेची शीर, हा शब्द मुळात कुरूप आहे का? नाही, म्हणतो. अस्-सिम्मा या कवीची ओळ आठवा: 'वस्तीकडे मी इतक्यांदा वळून पाहिलं की माझी मान आणि मानेची शीर दुखायला लागली.' तोच शब्द, आणि इथे तो हलवून सोडतो, कारण दुखणं खरोखर तिथेच होतं. शब्दाची शोभा शेजारावर ठरते.

यावरून अरबी समीक्षेत अवयव नसलेली कल्पना बादच, असा समज करून घेऊ नका. लबीदची दुसरी एक ओळ आहे: थंडीवाऱ्याची सकाळ, जिचा लगाम उत्तरेच्या वाऱ्याच्या हाती गेला आहे. वाऱ्यात 'हाता'शी जुळणारं काहीच नाही, हे जुर्जानी स्वतः सांगतो आणि तरी ओळ उत्तम मानतो. का? कारण इथे हात एकटा आलेला नाही. लगाम आहे, हाकणारा आहे, हाकली जाणारी सकाळ आहे. सबंध चित्र जुळतं, म्हणून एका भागाला जोडीदार नसला तरी चालतो. अबू तम्मामच्या ओळीत चित्रच उभं राहत नाही. त्याच्या 'निंदेचं पाणी मला पाजू नकोस' या ओळीवरही असाच वाद झाला. एकानं म्हणे त्याच्याकडे पेला पाठवला आणि निंदेचं थोडं पाणी मागितलं. अबू तम्माम म्हणाला, आधी 'नम्रतेच्या पंखा'तलं एक पीस आणून द्या. हा पंख कुराणातला आहे (१७:२४). आई-वडिलांसमोर तो खाली करावा, असं तिथे सांगितलं आहे. त्याच्या बाजूनं आणखी एक मुद्दा आहे: त्याच ओळीच्या दुसऱ्या अर्धात अश्रूंचं पाणी गोड लागल्याचं तो म्हणतो, म्हणून पहिल्या अर्धात निंदेचं पाणी. मला हा बचाव पटतो.

भाषांतरात सर्वांत जास्त नुकसान होतं ते 'किनाया'चं. यात थेट न सांगता परिणाम सांगतात आणि कारणापर्यंत वाचकानं मागे चालत जायचं असतं. 'त्याच्याकडे राख फार.' राख फार, म्हणजे चूल सतत पेटलेली, म्हणजे स्वयंपाक फार, म्हणजे पाहुणे फार, म्हणजे माणूस उदार. चार पायऱ्या. जुर्जानीनं दिलेली एक ओळ याहून अवघड आहे: 'माझ्यात दोष असतील ते असोत, पण माझा कुत्रा भेकड आहे आणि माझ्या उंटिणीचं पिल्लू हडकलेलं आहे.' ही बढाई आहे! कुत्रा भुंकत नाही, कारण रात्री-अपरात्री अनोळखी माणसं येण्याची त्याला सवय झाली आहे. पिल्लू हडकलं, कारण त्याच्या आईचं दूध पाहुण्यांना जातं किंवा तिलाच पाहुण्यांसाठी कापली. ओळ नुसती शब्दशः उतरवली तर स्तुतीची निंदा होते. मराठीत आणताना ओळ तशीच ठेवावी आणि पायऱ्या टिपेत द्याव्यात. ओळीतच 'उदार' घुसडलं की किनाया संपली.

मराठी वाचकाला सर्वांत जवळची वाटेल ती 'तश्बीह ज़िम्नी', म्हणजे न बोलता केलेली तुलना. आपला दृष्टान्त अलंकार. दहाव्या शतकातला अल्-मुतनब्बी आपल्या आश्रयदात्या अमीराला, सैफ अद्-दौलाला, म्हणतो: 'तू माणसांतलाच असून माणसांहून वरचढ ठरलास, तर नवल नाही, कस्तुरीही हरणाच्या रक्ताचाच अंश असते.' 'सारखा' नाही, 'जणू' नाही. पहिल्या अर्धात न पटणारा दावा, दुसऱ्यात पुरावा. (कस्तुरी रक्तातून बनते, ही त्या काळची समजूत.) आणि अबू तम्मामची ही ओळ: 'उदार माणूस कफल्लक दिसला तर नाक मुरडू नकोस, लोंढ्याचं उंच जागेशी वैरच असतं.' पाणी टेकडीवर थांबत नाही, तसा पैसा थोरामोठ्यांजवळ थांबत नाही. आता तुकोबांचं 'महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती' शेजारी ठेवा. दोन्हीकडे पूर, दोन्हीकडे उंची, दोन्हीकडे निसर्गाचा दाखला देऊन केलेला युक्तिवाद. पण तुकोबांच्या ओळीत उंच असणं हेच संकट आहे आणि लहानपण तारतं. अबू तम्मामकडे उंची शाबूत राहते, तिला फक्त पाणी मिळत नाही. एकच उपमान दोन विरुद्ध मूल्यांसाठी कसं राबतं, याचं याहून स्वच्छ उदाहरण मिळणं कठीण.

वाचताना होणाऱ्या काही ठरावीक चुका. उर्दू-फारसी गझलेचा चष्मा लावून जुनी अरबी कविता वाचू नये: गुल-बुलबुल, शमा-परवाना ही फारसी मिरास आहे. इथे स्त्री हरिणी आहे, जपून ठेवलेलं शहामृगाचं अंडं आहे, तिचे केस खजुराच्या लगडलेल्या घोसासारखे आहेत. 'महा' हा शब्द जुन्या भाषांतरांत 'रानगाय' म्हणून येतो आणि 'रानगायीच्या डोळ्यांची' वाचून आपण बुचकळ्यात पडतो. तो प्राणी लांब सरळ शिंगांचा, पांढऱ्या अंगाचा, टपोऱ्या काळ्या डोळ्यांचा ओरिक्स आहे. वीज म्हणजे इथे पावसाचा निरोप. ती कुठे चमकते हे कवी रात्रभर जागून पाहतो, कारण उद्या चारा तिकडे असेल. तलवार 'मुहन्नद' असेल तर ती हिंदुस्थानी पोलादाची, म्हणजे सर्वांत चांगली. आप्तांनी केलेला अन्याय अशा तलवारीच्या वारापेक्षा जास्त झोंबतो, असं तरफा म्हणतो, तेव्हा मोजमाप किती कडक आहे ते लक्षात घ्या.

आधुनिक कवितेत साधारणधर्म जवळजवळ कायमचा गाळला जातो, एवढं ध्यानात ठेवलं की तीही उघडते. इराकी कवी बद्र शाकिर अस्-सय्याबची १९५४ साली प्रसिद्ध झालेली पावसावरची कविता 'तुझे डोळे पहाटेआधीच्या प्रहरातली खजुराची दोन बनं, किंवा चंद्र जिथून दूर जातो आहे असे दोन सज्जे' अशी सुरू होते. साम्यवाचक नाही, गुणही सांगितलेला नाही. पण कवी बसराजवळचा आहे हे धरलं आणि त्या प्रहरात खजुराचं बन हिरवं नसून दाट काळं असतं हे आठवलं, की काळेपणा, खोली आणि ओसरता उजेड हे तीन गुण दोन्ही उपमानांत मिळतात. पद्धत तीच आहे, फक्त वाचकाचं काम वाढलं आहे.

सराव कसा करावा? एका बैठकीत एकच ओळ घ्या. दोन अर्ध वेगळे लिहा. अव्यय शोधा: 'क', 'कअन्न', 'मिस्ल' (हाही 'सारखा'च), की काहीच नाही. चारही भाग मांडा, गाळलेला भाग कंसात लिहा. उपमान प्राणी किंवा वनस्पती असेल तर त्याचा रंग, ऋतू, चाल शोधा. इंग्रजी येत असेल तर लेनचा अरबी-इंग्रजी कोश यासाठी फार कामाचा आहे, कारण तो जुन्या अरबी कोशांतली वर्णनं देतो. मग साधारणधर्म एका नामात लिहून पाहा. 'सौंदर्य', 'दुःख', 'वेग' असलं ढोबळ नाम आलं तर अजून काहीतरी निसटलं आहे; 'दिशा हरवणं', 'पुन्हा गिरवलं जाणं' इतकं अरुंद नाम यायला हवं. शेवटी तीच प्रतिमा आधीच्या निदान दोन कवींत शोधा. भाष्याशिवाय मुअल्लका वाचू नयेत. सातांवर अल्-ज़ौज़नीचं आणि दहांवर अत्-तिब्रीज़ीचं भाष्य आहे. ज़ौज़नी सोपा, ओळीगणिक शब्दार्थ आणि मग सरळ अर्थ देतो, म्हणून आधी तो.

क्रमही सुचवतो. पहिल्यांदा तरफाची पहिली ओळ आणि लबीदच्या सुरुवातीच्या दहा ओळी एकत्र. मग इम्रु अल्-कैसचा घोडा आणि रात्र. त्यानंतर अन्तरा या कवीच्या मुअल्लकेतली माशी: कुरणात एकटीच गुणगुणत, हातावर हात घासते आहे, जणू पंजे तुटलेला माणूस चकमकीवर ओणवा होऊन आग पाडायची खटपट करतो आहे. नवव्या शतकात अल्-जाहिज़ या गद्यलेखकानं या ओळींचं कौतुक करताना नोंदवलं की पुढे कोणी कवी या कल्पनेच्या वाटेला गेला नाही. मुतनब्बी आणि अबू तम्माम यानंतर. त्यांच्या प्रतिमा जुन्या प्रतिमांवर उभ्या आहेत आणि पाया माहीत नसेल तर ते नुसते चमत्कृतीचे कवी वाटतात. तरफाच्या उंटिणीचं तीसेक ओळींचं वर्णन सगळ्यात शेवटी ठेवा. त्यात एकेका अवयवाला स्वतंत्र उपमान आहे आणि कोश हाताशी नसेल तर चौथ्या ओळीलाच वाचक थकतो.